गाणं उतरवणारा

सगळे ह्यांच्याकडे बघत होते आणि आमचे हे डोळे मिटून वाजवतच होते.

सोमवारची दुपार होती. सोमवारी बेकरी बंद असते, म्हणून मागच्या गोदामात रेकॉर्डिंग चाललं होतं. मी मैद्याच्या पोत्यावर बसून एका गिऱ्हाइकाच्या पँटची चेन उसवत होते. भिंतींना लागून वरपर्यंत पोती रचलेली, त्यामुळे आवाज घुमत नाही. असला स्टुडिओ शोधून सापडायचा नाही, असं कप्तानभाऊजी म्हणतात. ड्रम वाजवणारे बेकरीचे मालकच असल्यामुळे कुणाला शोधावाही लागला नाही. वरच्या झरोक्यातून उन्हाचा एक पट्टा आत आला होता आणि त्यात पिठाचे कण तरंगत होते. ड्रमवर काठी जोरात पडली की ते सगळे एकदम वर उडायचे आणि मग सावकाश, कसलीही घाई नसल्यासारखे, खाली यायला लागायचे.

गाणं मघाशीच संपायला हवं होतं.

ह्या लोकांची एक रीत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. ह्या संगीताला स्पेस रॉक म्हणतात. गाण्यात बसायचं आणि अंतराळात जायचं. ह्यांची गाणी कागदावर नसतात आणि त्यांना ठरलेली लांबीही नसते. गिटारवर कप्तान आणि की-बोर्डवर टीचर, हे दोघं वाटेल तितकं लांब भटकून येतात. बेकरीभाऊजी ड्रम घेऊन त्यांच्या मागे धावतात. आणि आमचे हे बास गिटारवर तेच ते चार सूर धरून खाली बसून राहतात. म्हणून बँडमध्ये ह्यांचं नाव पडलं खुंटा. दोरी किती का सोडेनात, बांधलेली ह्यांना. मग कधीतरी ह्यांना वाटतं की आता पुरे. तेव्हा हे एकामागून एक तीन सूर खाली येतात. ते ऐकले की बाकीचे असतील तिथून मागे फिरतात आणि चौघं मिळून जमिनीला टेकतात. ह्याला त्यांच्या भाषेत गाणं उतरवणं म्हणतात. ह्यांच्याआधी कुणी उतरायचं नाही, हा नियम. मग कुणाचे हात भरून येवोत, नाहीतर बेकरीभाऊजींना बाथरूमला जायचं असो.

त्या दुपारी हे उतरेचनात. कप्तानांचं सगळं वाजवून झालं, ते परत सुरुवातीला आले आणि दुसऱ्यांदा निघाले. टीचर एकच सूर दाबून धरून चष्म्यावरून ह्यांच्याकडे बघायला लागल्या. शेवटी कप्तानांनीच गिटार खाली ठेवली आणि टाळ्या वाजवल्या. टाळ्या ऐकून ह्यांनी डोळे उघडले.

"खुंट्या, काय केलंस रे हे!" कप्तान ओरडले. "अल्बमचं शेवटचं गाणं, आणि उतरायचंच नाही! अंगावर काटा आला बघ माझ्या."

"माझ्या हातात गोळे आले," बेकरीभाऊजी म्हणाले.

"येऊ देत. चाळीस वर्षांत असं कुणाला सुचलं नव्हतं. फक्त पुढच्या सोमवारी जरा आधी उतर, राजा. तबकडीच्या एका बाजूवर मावायला पाहिजे."

हे नुसते हसले. ह्यांचं हसणं फार गोड आहे आणि हल्ली त्या हसण्यावर बरंच काही निभावून जातं. मी दाताने दोरा तोडला. ह्यांना काही सुचलंबिचलं नव्हतं. त्या दिवशी सकाळी भरलेला कप हातात धरून ह्यांनी मला विचारलं होतं, "चहा केलास का?" गाण्यातही तेच झालं होतं. उतरायचं असतं, हेच हे विसरले होते.

आमचे हे लिफ्टचे मेकॅनिक. आमची ओळखही लिफ्टमध्येच झाली. मी तेव्हा एका शिवणाच्या कारखान्यात होते. कपड्यांचं गाठोडं घेऊन वर निघाले आणि दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकली. अंधार. मी दार बडवून बडवून थकले, आणि मग वरून, अगदी डोक्यावरून, एक शांत आवाज आला, "काही करू नका. गाठोड्यावर बसा. मी आहे वर." मी बसले. तो आवाज मध्येमध्ये काहीबाही बोलत राहिला आणि पाना फिरवल्याचा आवाज येत राहिला. खोटं कशाला सांगू, बाहेर निघाले तेव्हा थोडं वाईटच वाटलं.

लग्न ठरलं तेव्हा मावशी म्हणाली, "मुलगा दिवसा लिफ्ट चालू करतो आणि सुट्टीच्या दिवशी अंतराळात जातो म्हणे. जमिनीवर कधी असतो ते विचारून घे."

तेव्हा ह्यांचं नाव होतं. कॉलेजातली पोरं गच्चीवर उताणी पडून ह्यांच्या तबकड्या ऐकायची. कप्तानांचे केस कमरेपर्यंत होते. टीचर शाळेत भूगोल शिकवून यायच्या आणि डोळ्यांना चंदेरी रंग लावून की-बोर्डवर उभ्या राहायच्या. मी पहिल्या कार्यक्रमाला गेले आणि पहिल्याच गाण्यात झोपले. नंतरही कायम झोपत आले. कप्तानांना ते फार लागायचं, पण माझा इलाज नव्हता. ह्यांची बास सुरू झाली की खालून कुणीतरी अलगद उचलून घेतल्यासारखं वाटायचं आणि डोळे मिटायचे. त्या झोपेत मला स्वप्नंही छान पडायची. एकदा आमचं अख्खं घर, वाळत घातलेल्या कपड्यांसकट, शहरावरून हळूहळू चाललेलं दिसलं होतं. मी खिडकीतून वाकून खाली बघत होते आणि मला जराही भीती वाटत नव्हती.

मग दिवस पालटले. पोरं मोठी होऊन नोकरीला लागली आणि गच्च्यांवर पाण्याच्या टाक्या आल्या. कप्तानांचे केस गेले आणि चष्म्यांचं दुकान तेवढं राहिलं. बँड मात्र मोडला नाही. कुणी ऐको न ऐको, दर सोमवारी चौघं गोदामात जमायचे. आणि इतक्या वर्षांनी कुणा नव्या पोरांना ह्यांच्या जुन्या तबकड्या कुठल्याशा अडगळीत सापडल्या, त्यावर कुणीतरी भरभरून लिहिलं, आणि एका छोट्या कंपनीने कप्तानांना विचारलं की आणखी एक अल्बम करता का. दुसऱ्या कुणीतरी लगेच लिहिलं की ह्या म्हाताऱ्यांनी आता नातवंडं सांभाळावीत. ते वाचून कप्तान इतके पेटले की त्यांनी त्याच दिवशी होकार कळवला. अल्बमचं नाव टीचरनी सुचवलं, 'सावकाश'. गुडघे बघता दुसरं काही शक्यच नव्हतं.

गाणी एकेक करून होत गेली. शेवटचं तेवढं राहिलं, आणि नेमका त्याच सुमाराला एका इमारतीच्या रखवालदाराचा मला फोन आला. तो हसतच होता. "वहिनी, साहेब सकाळी लिफ्टचं सगळं काम करून गेले. आता दुपारी परत आलेत आणि तेच सगळं पहिल्यापासून करतायत. मी म्हटलं, झालंय की, तर म्हणाले, कुणी केलं?" मीही फोनवर हसले. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून राहिले.

डॉक्टरीणबाईंनी समजेल असं सांगितलं. हा विसरण्याचा आजार सावकाश वाढत जाईल, म्हणाल्या. तो शब्द ऐकून ह्यांना हसू आलं. "आमच्या अल्बमचं नावच आहे ते," असं त्यांना सांगून मोकळे झाले.

त्या संध्याकाळी हे अगदी लख्ख होते. मी कपड्यांच्या घड्या घालत होते. हे समोर येऊन बसले, एक टॉवेल घेऊन त्याची घडी घालायला लागले आणि म्हणाले, "ऐक. बँडमध्ये इतक्यात सांगू नकोस. लगेच कुणीतरी तरणा आणतील माझ्या जागी. एवढं शेवटचं गाणं मला उतरवू दे. माझ्या हाताने. मग पुढे काय व्हायचं ते होऊ दे."

"बरं," मी म्हटलं.

बरं म्हणायला काय जातं? त्या दिवसापासून माझ्या जिवाला घोर लागला. सांगावं तर ह्यांची जागा जाणार, न सांगावं तर गाणं उतरणार नाही. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, असं झालं. दर सोमवारी मी सुईदोरा घेऊन गोदामात जाऊन बसायला लागले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या गाण्यात मला झोप येईना. आता उतरतील, आता उतरतील, म्हणून ह्यांच्या हाताकडे बघत बसायची. सोमवारमागून सोमवार गाणं लांबत गेलं आणि कप्तान ह्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवत गेले.

शेवटी मी कप्तानांच्या दुकानात गेले. ताकाला जाऊन भांडं लपवावं तशी आधी उगाच चष्म्याच्या चौकटी बघत बसले. त्यांनी मला एक लाल चौकट घालायला लावली, आरसा पुढे धरला आणि म्हणाले, "दहा वर्षं कमी झाली वहिनी तुमची."

"भाऊजी, ह्यांना आठवत नाही हल्ली," मी आरशात बघतच म्हटलं.

"कुणाला आठवतंय? मी काल घरची किल्ली फ्रीजमध्ये ठेवली होती."

"तसं नाही. डॉक्टरांनी सांगितलंय. गाणं उतरत नाहीत ते मुद्दाम नाही, भाऊजी. कुठे आहोत तेच त्यांना कळत नाही."

कप्तानांनी आरसा खाली ठेवला. दुसरा कुणी असता तर बसला असता, पण कप्तान उभ्या उभ्या रागावले. "वहिनी, राग मानू नका. तुम्ही आमच्या प्रत्येक कार्यक्रमात झोपलात. तुम्हाला ह्यातलं काय कळणार? तो जे करतोय त्याला छाती लागते. तेच ते, तेच ते, आणि तरी दर वेळी नवं. तो प्रयोग आहे."

"तो प्रयोग आमच्या घरी सकाळपासून चालू असतो," मी म्हटलं आणि लाल चौकट काढून काचेवर ठेवली.

एक गिऱ्हाईक आलं, कप्तान त्याच्याकडे वळले. मी रस्त्याला लागले आणि मला इतका राग आला होता की चुकीच्या गल्लीत शिरले. ह्यांचा राग आला होता, कप्तानांचा आला होता, आणि शब्द दिलेला मोडून बसले म्हणून माझा स्वतःचाही आला होता. बरं, मोडून मिळालं काय? पालथ्या घड्यावर पाणी.

पुढच्या सोमवारी कप्तान माझ्याशी बेताबेतानेच बोलले. ह्यांनी बास गळ्यात अडकवली. गाणं सुरू झालं.

त्या दिवसाइतकं सुंदर ते कधीच झालं नव्हतं. मला ह्यातलं कळत नाही हे मान्य, पण तेवढं कळलं. ह्यांचे चार सूर इतके मऊ आणि इतके एकसारखे येत होते की थोड्या वेळाने ते ऐकू येईनासे झाले, नुसते असल्याचे वाटायला लागले. कप्तान त्यावरून चालत कुठल्या कुठे गेले. टीचरचा की-बोर्ड कुठेतरी खूप वर, बारीक, चमकत राहिला. बेकरीभाऊजींनी तर डोळेच मिटून घेतले होते. उन्हाचा पट्टा एका पोत्यावरून दुसऱ्या पोत्यावर सरकला. अर्थात हे उतरले नाहीत. पण कुणाला त्याचं भानच नव्हतं, आणि जेव्हा आलं तेव्हा कप्तानांनी धावत जाऊन ह्यांना मिठी मारली. ह्यांनी बास थांबवली.

"झालं! हेच घ्यायचं! ह्याच्यापुढे काही नाही," कप्तान म्हणत होते.

ह्यांनी त्यांच्या पाठीवर थोपटलं, आपल्या तारा एकदा तपासल्या, आणि सगळ्यांकडे बघून अगदी उत्साहाने म्हणाले, "चला, सुरू करायचं ना आता?"

बेकरीभाऊजींची काठी खाली पडून घरंगळत गेली. कप्तानांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घालून चेनचा एकेक टाका उसवत राहिले, खरं तर ती चेन चांगली बसली होती.

"करू या," टीचर सावरून म्हणाल्या. "आधी चहा पिऊ."

हे बिस्किटं खात बाहेर उन्हात बसले तेव्हा आम्ही चौघं भट्टीच्या खोलीत उभे राहिलो. भट्टी थंड होती. कप्तान भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि त्यांना रडू आवरत नव्हतं. "मी वहिनींना काय काय बोललो," एवढंच ते म्हणत होते.

"ते राहू द्या," मी म्हटलं. "गाण्याचं काय करायचं ते बोला. ह्यांना स्वतःच्या हाताने उतरवायचं होतं. माझ्याकडून कबूल करून घेतलंय."

कप्तानांनी डोळे पुसले. "एक करता येईल. शेवटचे तीन सूर मी वाजवतो बासवर. फितीला फीत जोडायची. ऐकणाऱ्याला शंकासुद्धा येणार नाही. आणि त्यालाही कळणार नाही."

"त्यांना कळणार नाही, खरंय," मी म्हटलं. "पण म्हणून काय झालं? कुणाचं तरी वाजवलेलं त्यांच्या नावावर खपवायचं नाही. आवाज हळूहळू कमी करत न्यायचा, असंही करतात ना लोक?"

"आम्ही नाही केलं कधी," बेकरीभाऊजी म्हणाले. "एकाही गाण्यात नाही. उतरल्याशिवाय सोडलेलं नाही आपण."

टीचर इतका वेळ भट्टीच्या दारावर बोटाने रेघा ओढत होत्या. त्या म्हणाल्या, "आपण उतरू. आपापले, एकेक करून. त्याला राहू दे वर."

"त्याच्याआधी?"

"त्याच्याआधी. आणि मग फीत संपेपर्यंत तो एकटा. तबकडी संपेल, तो वाजवतच असेल."

बेकरीभाऊजी म्हणाले, "माणसाला वर एकटं सोडून यायचं? मला नाही जमणार ते, टीचर."

मग तिघंही माझ्याकडे बघायला लागले. इतक्या वर्षांत त्या बँडने मला फक्त टाचलेली बटणं आणि इस्त्री केलेले शर्ट मागितले होते. काय सांगणार होते मी? ह्यांनी मागितलं होतं ते होणार नव्हतं, हे आता स्पष्टच झालं होतं. मी दाराच्या फटीतून बाहेर बघितलं. हे एका चिमणीला बिस्किटाचा चुरा टाकत होते आणि ती जवळ येत नाही म्हणून तिच्याशी काहीतरी बोलत होते.

"ते वर एकटे असले की घाबरत नाहीत," मी म्हटलं. "उलट बोलत बसतात. टीचर म्हणतात तसं करा."

त्याच्या पुढचा सोमवार शेवटचा होता. कप्तानांनी जुनं फितीचं यंत्र लावलं, नवं रीळ चढवलं. हे छान दाढी करून आले होते. मी शिवणाची पिशवी मुद्दाम घरी ठेवली होती, त्यामुळे हातांचं काय करावं ते कळेना.

गाणं निघालं. नेहमीसारखंच ते आधी जमिनीवरून सरपटलं आणि मग कुठल्याशा क्षणी जमीन सुटली. मी पोत्याला टेकून बसले होते. पोत्यातून ह्यांचे सूर पाठीला लागत होते. झोप आली नाही, पण झोपेच्या जवळचं काहीतरी आलं, डोळे उघडे ठेवून. गोदाम निघालं आहे असं मला वाटलं. पोती, झरोका, चहाचे कप, सगळं घेऊन ते बेकरीच्या मागून अलगद उचललं गेलं आहे, आणि खाली रस्त्यावरची माणसं आपापली कामं करतायत, कुणी मान वर करून बघतही नाही.

बरंच पुढे गेल्यावर टीचर उतरल्या. ह्यांचेच तीन सूर त्यांनी की-बोर्डवर अगदी हलके वाजवले आणि हात मांडीवर ठेवले. ह्यांनी डोळे उघडले नाहीत. मग बेकरीभाऊजी उतरले. त्यांनी काठ्या अशा खाली ठेवल्या की जणू बाळ झोपलं आहे, आणि तोंडावर रुमाल धरून बसले. कप्तान खूप वेळ थांबले. ते ह्यांच्याभोवती गिटार घेऊन घुटमळत राहिले, दोनदा दूर गेले आणि दोनदा परत आले. मग त्यांनीही तीन सूर वाजवले. शेवटच्या सुराला त्यांचं बोट घसरलं, ती चूक फितीवर आली आहे.

आता हे एकटेच होते. चार सूर, आणि परत ते चार सूर. मध्ये ह्यांचा श्वास ऐकू येत होता. चेहऱ्यावर कसली म्हणून काळजी नव्हती. मला एकदम उठून जावंसं वाटलं, ह्यांच्या हातावर हात ठेवावा, अहो चला घरी म्हणावं. टीचरनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मी बसून राहिले.

रीळ संपलं. फितीचं टोक फटफट आपटायला लागलं. कप्तान उठले, यंत्र बंद केलं आणि दुसरं रीळ न चढवता तिथेच जमिनीवर बसले.

हे वाजवतच होते. घरी जायला कुणी उठलं नाही. बेकरीभाऊजींना दुसऱ्या दिवसाची कणीक भिजवायची होती, ते हलले नाहीत. उन्हाचा पट्टा छताजवळ गेला, पिवळा झाला, मग नुसती वरच्या दोन पोत्यांची कड उजळलेली राहिली. पीठ खाली बसलं होतं. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही.

आणि मग ह्यांनी मान किंचित वाकडी केली. कुणीतरी खालून हाक मारल्यावर करतात तशी. हे एक सूर खाली आले. थांबले. आणखी एक. कप्तानांनी माझं मनगट पकडलं. तिसरा सूर इतका हळू आला आणि इतका वेळ टिकला की तो नेमका कधी विरला ते आमच्यातल्या कुणालाच कळलं नाही.

हे डोळे उघडून आमच्याकडे बघत राहिले. "तुम्ही सगळे आधीच आलात?" म्हणाले.

"आत्ताच आलो रे," बेकरीभाऊजी म्हणाले. "तुझीच वाट बघत होतो."

यंत्र बंद असताना उतरले, ह्याबद्दल त्या दिवशी कुणी चकार शब्द काढला नाही. कप्तानांनी वायरी गुंडाळल्या, बेकरीभाऊजींनी कणकेसाठी पोतं उघडलं, आणि मी ह्यांना घेऊन घरी आले.

अल्बम आला. ज्यांनी नातवंडं सांभाळा म्हटलं होतं त्यांनी ह्या वेळी जरा बरं लिहिलं. शेवटच्या गाण्याबद्दल बऱ्याच जणांनी लिहिलं. कुणी म्हणालं, हे मरणाबद्दल आहे, कुणी म्हणालं, विश्वाबद्दल. एकाने कप्तानांना फोन करून विचारलं की तो बासवाला शेवटी उतरतो की नाही. कप्तान म्हणाले, "ते आमचं घरचं आहे," आणि फोन ठेवला.

तबकडी घरी आली तेव्हा ह्यांचं वाजवणं बंद झालं होतं. बास कोपऱ्यात उभी असायची आणि हे कधीकधी येताजाता तिला 'सरका जरा' म्हणायचे. मला त्या दिवसांत बहुधा ताई म्हणायचे, बाई फार चांगली आहे असा चेहरा करून. एका दुपारी मी शेवटचं गाणं लावलं. हे सोफ्यावर बसून लक्ष देऊन ऐकत होते. बाकीचे एकेक करून उतरले, तेव्हा ह्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग नुसती बास राहिली.

"हा एकटाच राहिला," हे म्हणाले.

"हो."

"बाकीचे त्याला सोडून गेले?"

"नाही हो. खाली थांबलेत त्याच्यासाठी."

चार सूर चालू होते. हे पुढे वाकून ऐकत राहिले, आणि तबकडी संपून सुई खरखरायला लागली तेव्हा दचकून माझ्याकडे बघितलं. खरंच घाबरले होते. "मग तो उतरला का? खाली आला का तो?"

"आला," मी म्हटलं. "मी होते ना तिथे. मी ऐकलं."

हे बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिले. माझ्यावर विश्वास ठेवावा की नाही, हे ठरवत असावेत. मग मागे टेकून बसले आणि सोफ्यावर थोडं सरकून मला जागा करून दिली.